गॉथेनबर्गची उडी आणि आपलं मैदान

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा विषयही सुचवला गेला होता. "तू सॉफ्टवेअरवाली, तर एआयवर लिही." मी म्हटलं, एआयवर लिहिणारे आपल्या बॅचमध्ये दहा-बारा जण सहज निघतील, मला तिहेरी उडीवर लिहायचंय. पलीकडे क्षणभर शांतता, मग हसू. "तू? पी.टी.च्या तासाला तर रोज तुझं पोट दुखायचं!"

आरोप मान्य आहे. मी आयुष्यात एकदाही तिहेरी उडी मारलेली नाही. मैदानावर मी असायचे ती वही-पेन घेऊन. अक्षर बरं आणि बेरजा चुकत नाहीत, एवढ्या भांडवलावर सरांनी मला आठवीपासून दहावीपर्यंत क्रीडा महोत्सवाच्या नोंदींच्या टेबलावर बसवलं होतं. त्यामुळे हा लेख खेळाडूचा नाही, नोंद ठेवणारीचा आहे. आणि त्यात एक राहून गेलेली नोंद आहे.

आधी १९९५चा ऑगस्ट आठवा. आपण दहावीत होतो. सरांनी वर्तमानपत्राचं एक कात्रण व्हरांड्यातल्या सूचनाफलकावर लावलं होतं. इंग्लंडच्या जोनाथन एडवर्ड्सने ७ ऑगस्टला स्वीडनमधल्या गॉथेनबर्ग शहरात, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तिहेरी उडीचा विश्वविक्रम केला होता. पहिल्या प्रयत्नात १८.१६ मीटर, दुसऱ्या प्रयत्नात १८.२९. म्हणजे साठ फूट. सरांनी टेप घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दारापासून अंतर मोजायला सुरुवात केली, तेव्हा टेप पाण्याच्या टाकीच्याही पुढे गेली. आपण सगळे बघत राहिलो होतो. "एवढं?" असं कोणीतरी मोठ्याने म्हणालं होतं. तो विक्रम आज तीस वर्षं उलटली तरी तसाच आहे.

त्या कात्रणात जे नव्हतं ते मला कळायला पुढे सव्वीस वर्षं लागली. एडवर्ड्सच्या उडीनंतर बरोबर तिसऱ्या दिवशी, १० ऑगस्ट १९९५ला, त्याच स्टेडियममध्ये इनेसा क्रावेट्स नावाच्या युक्रेनच्या बाईने महिलांचा विश्वविक्रम मोडला होता. मोडला म्हणजे थोडाथोडका नाही. आधीचा विक्रम होता १५.०९ मीटर, तिची उडी होती १५.५० मीटर. एकदम ४१ सेंटिमीटर पुढे. जिथे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरने इतिहास घडतो, तिथे ही झेप थक्क करणारी होती. तीही कशी? पहिल्या दोन उड्या फाउल. पहिल्या तीन प्रयत्नांत एकही वैध उडी झाली नाही, तर खेळाडू अंतिम फेरीतून बाद होते. म्हणजे तिसरी चुकली असती तर तिच्या नावापुढे त्या दिवशी एकही आकडा लागला नसता. फळीपासून पाऊल मागे ठेवून जपून उडी मारण्याचा तो क्षण, आणि तिने नेमकी तेव्हाच जगातली सर्वांत लांब उडी मारली. दुसरी आलेली बल्गेरियाची इव्हा प्रांजेवासुद्धा १५.१८ मीटरवर, म्हणजे जुन्या विक्रमाच्या पलीकडे होती.

ज्यांनी तिहेरी उडी नीट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. धावत येऊन फळीवरून पहिली उडी, आणि उतरायचं त्याच पायावर. म्हणजे आपली लंगडी. दुसरी ढांग, उतरायचं दुसऱ्या पायावर. तिसरी उडी थेट वाळूत. टीव्हीवर हे नाचासारखं दिसतं, पण दर वेळी एका पायावर अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार आदळतो. मधली ढांग सर्वांत अवघड. पहिल्या उडीत सगळा जोर खर्च केला, तर ढांग आखूड पडते आणि पुढचं सगळं कोसळतं. वेग राखायचा आणि तो तीन ठिकाणी वाटून द्यायचा, असं हे गणित आहे.

याच भाराचं कारण देऊन बायकांना या खेळापासून दूर ठेवलं गेलं. आधुनिक ऑलिंपिकमध्ये ज्या स्पर्धेचा निकाल सर्वांत आधी लागला ती तिहेरी उडीच होती. ६ एप्रिल १८९६, अथेन्स, अमेरिकेचा जेम्स कॉनॉली, १३.७१ मीटर. पण ती पुरुषांची. बायकांचं शरीर हा मार सोसणार नाही, मूल होण्यात अडचण येईल, अशी समजूत कित्येक दशकं होती, आणि ती बोलून दाखवणाऱ्यांत डॉक्टरही असत. प्रत्यक्षात बायका उड्या मारतच होत्या. जपानच्या किनुए हितोमीने १९२६मध्ये ११.६२ मीटर उडी मारली होती. तीच हितोमी दोन वर्षांनी अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचं रौप्यपदक जिंकली. त्या शर्यतीनंतर बायकांना हे अंतर झेपत नाही असा गलका झाला आणि ८०० मीटर १९६०पर्यंत बायकांच्या ऑलिंपिकमधून गायब झालं. लांब उडी बायकांना १९४८मध्ये मिळाली. मॅरेथॉन १९८४मध्ये. तिहेरी उडीच्या महिला विश्वविक्रमांची अधिकृत नोंद ठेवायला जागतिक महासंघाने सुरुवात केली तीच मुळी १९९०मध्ये. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ती आली १९९३मध्ये, आणि ऑलिंपिकमध्ये १९९६ साली. कॉनॉलीच्या उडीनंतर पुरी शंभर वर्षं.

इनेसा क्रावेट्सची सगळी कारकीर्द या दार उघडण्याच्या काळात घडली. तिचा जन्म ५ ऑक्टोबर १९६६चा, द्नीप्रोपेत्रोव्स्क शहरातला. तेव्हाच्या सोव्हिएत संघातलं, आताच्या युक्रेनमधलं हे शहर. क्षेपणास्त्रांच्या कारखान्यामुळे ते १९८७पर्यंत परदेशी माणसांसाठी बंद होतं. ती मूळची लांब उडीतली. १० जून १९९१ला मॉस्कोत तिने तिहेरी उडीत १४.९५ मीटरचा विश्वविक्रम केला, तेव्हा ती सोव्हिएत खेळाडू होती. सहा महिन्यांत तो देशच उरला नाही. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये जुन्या सोव्हिएत प्रजासत्ताकांचा एकत्रित संघ उतरला. तिहेरी उडी तेव्हा तिथे नव्हतीच, म्हणून ती लांब उडीत उतरली. ७.१२ मीटर, रौप्यपदक. जर्मनीच्या हाइके ड्रेक्स्लरने ७.१४ मीटर उडी मारून सोनं नेलं. दोन सेंटिमीटर! गॉथेनबर्गमध्ये ती युक्रेनची होती. चार-पाच वर्षांत एकाच बाईच्या पाठीमागे तीन झेंडे बदलले.

आणि मग अटलांटा. आपला दहावीचा निकाल लागला होता, आपण वेगवेगळ्या ज्युनिअर कॉलेजांत पांगलो होतो. त्या ऑलिंपिकमधलं आपल्याला आठवतं ते लिअँडर पेसचं कांस्यपदक. त्याच्या तीनच दिवस आधी, ३१ जुलै १९९६ला, महिलांच्या तिहेरी उडीची ऑलिंपिकमधली पहिली अंतिम फेरी झाली. क्रावेट्सची उडी १५.३३ मीटर. तिच्यामागच्या दोघी, रशियाची इन्ना लासोव्स्काया आणि चेक प्रजासत्ताकाची शार्का काश्पार्कोव्हा, दोघीही १४.९८वर. स्वतंत्र देश म्हणून युक्रेनचं ते पहिलंच उन्हाळी ऑलिंपिक, आणि या खेळातली जगातली पहिली ऑलिंपिक विजेती त्या देशाची.

इथे मला आपल्या मैदानावर यावं लागतं, कारण गॉथेनबर्ग आणि अटलांटा यांच्या मध्ये आपला शेवटचा क्रीडा महोत्सव येतो. डिसेंबर १९९५.

मुलांची तिहेरी उडी चालू होती. वाळूचा खड्डा, चुन्याची रेघ, आणि टेपचं एक टोक धरून शिपाईकाका. मुलींची लांब उडी सकाळीच आटोपली होती. आपल्या 'ब' तुकडीतली एक मुलगी (नाव घालू नकोस असं तिनेच बजावलंय) माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली होती. मुलांचा शेवटचा प्रयत्न झाला, सर पाणी प्यायला वळले, आणि ही सरळ धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभी. अनवाणी. धावत आली आणि लंगडी, ढांग, उडी. रेघेच्या आत पाय होता. मी बघितला होता, कारण बघणं हेच माझं काम होतं.

शिपाईकाकांनी सवयीने टेप लावली आणि आकडा ओरडून सांगितला. नऊ मीटर आणि काही सेंटिमीटर. मुलांच्यात तिसऱ्या आलेल्याच्या पुढे. आपल्यातल्या कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी "ए, फाउल फाउल" असं ओरडलं. मी पेन उचललं आणि सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "मुलींच्यात हा प्रकारच नाही गं. कुठल्या रकान्यात लिहिणार?" ते रागावले नव्हते. खरंच विचारत होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पेन खाली ठेवलं.

सर, तुम्ही हा लेख वाचाल, समारंभालाही येणार आहात, म्हणून आधीच सांगते. यात तुमच्यावर काहीही ढकलायचं नाही. तुम्हाला वरून आलेला तक्ता तसा होता. जगाचा तक्ताही नुकताच कुठे बदलत होता. पण वहीत रकान्याबाहेर, समासात, एक ओळ लिहायला मला कोणी अडवलं नव्हतं. ती मी लिहिली नाही. आणि म्हणून आज तिची उडी "नऊ मीटर आणि काही सेंटिमीटर" एवढीच आहे. ते "काही" किती होते, हे आता कोणीही सांगू शकत नाही. मलाही नाही.

हे सगळं मी विसरून गेले होते. इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, लग्न, मुलगी. १ ऑगस्ट २०२१, रविवार. टोकियो ऑलिंपिक टीव्हीवर चालू, मी चहाचा कप घेऊन बसलेले. व्हेनेझुएलाची युलिमार रोहास शेवटच्या प्रयत्नाला आली. सुवर्णपदक तिचं आधीच पक्कं झालं होतं. तिने १५.६७ मीटर उडी मारली आणि समालोचक म्हणाला की १९९५चा, गॉथेनबर्गचा विक्रम मोडला. गॉथेनबर्ग! मला एकदम व्हरांडा दिसला, टेप दिसली. पण ते कात्रण तर एडवर्ड्सचं होतं. मग हा दुसरा गॉथेनबर्गचा विक्रम कोणाचा? त्या संध्याकाळी मी क्रावेट्सबद्दल वाचायला घेतलं. रोहासचा जन्म २१ ऑक्टोबर १९९५चा आहे, आपल्या दहावीच्या दिवाळीच्या सुट्टीतला. म्हणजे जो विक्रम तिने मोडला, तो तिच्याही आधी अडीच महिने जन्माला आलेला. मधल्या काळात २००४मध्ये रशियाची तात्याना लेबेदेवा १५.३४पर्यंत आली, २००८मध्ये बीजिंगला कॅमेरूनची फ्रान्स्वाज एम्बांगो १५.३९पर्यंत आली, पण साडेपंधरा मीटर कोणालाच गाठता आले नाहीत.

मला वाटलं, काय सुंदर गोष्ट आहे! आपल्या मैत्रिणीची उडी आणि ही उडी, एकाच वर्षातल्या. लेख इथेच संपवता आला असता. पण पुढे वाचलं आणि अडखळले.

क्रावेट्सवर १९९३मध्ये उत्तेजक द्रव्यासाठी तीन महिन्यांची बंदी आली होती. २०००मध्ये स्टेरॉइडसाठी पुन्हा बंदी आली, या वेळी दोन वर्षांची. तेव्हा ती ३३ वर्षांची होती. त्या वर्षीच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ती नव्हती. त्याच सिडनीत एडवर्ड्सने अखेर आपलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. तीन दिवसांच्या अंतराने एकाच धावपट्टीवर विक्रम करणारे हे दोघे, आणि दोघांच्या वाट्याला आलेली ओळख किती वेगळी! तो १९९५चा बीबीसीचा सर्वोत्तम क्रीडापटू ठरला, पुढे टीव्हीवर समालोचन करू लागला, २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या आयोजनात होता. ती मात्र लोकांच्या लक्षात राहिली ती विक्रमांच्या यादीतली एक ओळ म्हणून, आणि त्या ओळीशेजारी कायमचं एक प्रश्नचिन्ह. गॉथेनबर्गला तिच्याबरोबर रौप्यपदक घेणारी प्रांजेवासुद्धा पुढच्याच वर्षी अटलांटात उत्तेजक चाचणीत बाद झाली. तो काळच तसा होता, असं म्हणून सुटता येतं. पण त्याच काळात प्रामाणिकपणे उड्या मारून चौथ्या-पाचव्या येणाऱ्याही असतील. त्यांचं काय?

२०१७मध्ये युरोपच्या अ‍ॅथलेटिक्स संघटनेने यावर एक जालीम उपाय सुचवला. खेळाडूंचे नमुने पुन्हा तपासण्यासाठी जपून ठेवायला २००५पासून सुरुवात झाली, तर त्याआधीचे सगळे विक्रम अधिकृत यादीतून काढून टाकावेत. पाटी कोरी. एडवर्ड्सचा विक्रमही त्यात गेला असता, आणि त्याने त्याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांनाही शिक्षा का? प्रस्ताव प्रत्यक्षात आला नाही. क्रावेट्सचा १५.५०सुद्धा यादीत राहिला, कारण त्या दिवशीची ती उडी कोणत्याही चाचणीत दोषी ठरलेली नव्हती. शेवटी तो विक्रम खोडून गेला नाही. दुसऱ्या एका बाईने त्याच्या पुढे उडी मारून तो मागे टाकला.

मला हे पटतं, आणि ते माझ्या कामामुळे पटतं. आमच्या धंद्यात जुन्या कामात चूक सापडली तर जुनी नोंद पुसत नाहीत. तिच्याखाली नवी नोंद जोडतात. कोणी, कोणत्या तारखेला, काय बदललं आणि का. जुनी चूकही दिसत राहते आणि दुरुस्तीही. रात्री दोन वाजता काही बिघडलं की हाच इतिहास कामाला येतो. पुसलेली वही कोणाच्याच उपयोगाची नसते.

म्हणून क्रावेट्सबद्दल मला एकच वाक्य लिहिता येत नाही, तीन लिहावी लागतात. बायकांसाठी शंभर वर्षं बंद असलेल्या खेळाची ती पहिली ऑलिंपिक विजेती होती. तिची गॉथेनबर्गची उडी सव्वीस वर्षं कोणालाही गाठता आली नाही. आणि तिच्यावर दोनदा बंदी आली. यातलं एकही वाक्य दुसऱ्याला खोडत नाही. ज्यांना फक्त पहिली दोन हवी असतात त्यांना हिरो हवा असतो, ज्यांना फक्त तिसरं हवं असतं त्यांना निकाल हवा असतो. इतिहासाला तिन्ही लागतात.

आपल्या देशातही ही वही पुढे लिहिली गेली, हे जाता जाता सांगते. केरळच्या मयूखा जॉनीने २०११मध्ये जपानमधल्या कोबे इथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत १४.११ मीटर उडी मारून कांस्यपदक मिळवलं. १४ मीटर ओलांडणारी ती पहिली भारतीय महिला. आज शाळेतल्या मुलींना तिहेरी उडी मारायची असेल, तर "कुठल्या रकान्यात लिहू" असं विचारायची वेळ कोणावर येत नाही. माझ्या मुलीला मी हे सांगितलं, तेव्हा तिला त्यात सांगण्यासारखं काय आहे तेच कळेना. बरं वाटलं.

लेख लिहायला घेतला तेव्हा मी त्या मैत्रिणीला फोन केला. म्हटलं, तुझ्या उडीबद्दल लिहितेय. ती आधी ओळखीचं हसली. मग म्हणाली, "अगं, उडी कसली. पांढऱ्या स्कर्टच्या खिशात वाळू गेली म्हणून आई ओरडली होती, तेवढं आठवतंय." मग जरा थांबून म्हणाली, "फाउल होता का गं तो?"

तीस वर्षं तिला तो प्रश्न होता. मी बघितलं होतं, आणि मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

तेव्हा ही नोंद, उशिरा का होईना, खाली जोडते आहे. शाळेच्या वहीतलं जुनं काही न खोडता. मुलांच्यात पहिला, दुसरा, तिसरा आलेल्यांनी काळजी करू नये, तुमची पदकं तुमचीच आहेत.

क्रीडा महोत्सव, डिसेंबर १९९५. तिहेरी उडी. इयत्ता दहावी 'ब', मुलगी. प्रयत्न एक. अंतर नऊ मीटरच्या वर. पाय रेघेच्या आत. उडी वैध.

नोंद करणारी : दहावी 'अ', १९९६ची बॅच.